सल्ला ही अमानत आहे

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या नववीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदम गप्प झाली. त्याआधी उर्दूच्या तासाला नज्म म्हणायला पहिला हात तिचाच वर असायचा. आता ती फळ्याकडे बघत बसे, पण तिला फळा दिसत असेल असं वाटत नसे. डब्यातली पोळी तशीच घरी परत जाई. दोनदा तर ती भर तासाला बाकावर डोकं टेकून झोपी गेली.

मी तिच्या अम्मीला शाळेत बोलावलं. वडील कोळसा खाणीत कंत्राटावर कामाला, घरात तीन लहान भावंडं. अम्मी आली, खुर्चीवर बसली आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "आपा, तिला काय झालंय ते मला माहीत आहे. दुपारी टीव्हीवर त्या डॉक्टरबाई येतात ना, त्यांनी अगदी अशीच मुलगी दाखवली होती. या वयात मुली लक्ष वेधून घ्यायला असं करतात. आपण लक्ष दिलं नाही की आपोआप ताळ्यावर येतात."

मी काय केलं? मी मान डोलावली. तो कार्यक्रम मीही कधीमधी बघत होते. बाई छान बोलतात, ठाम बोलतात, समोरचा माणूस रडतो आणि जाहिराती सुरू व्हायच्या आत त्याचा प्रश्न सुटलेलाही असतो. मी बी.एड. झालेली, बालमानसशास्त्राचा पेपर देऊन पास झालेली बाई. तरीही त्या दिवशी म्हणाले, "बघा, थोडे दिवस वाट बघू."

ते थोडे दिवस दोन महिन्यांचे झाले. जानेवारीत ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. तिला चंद्रपूरला सरकारी रुग्णालयात नेलं, तेव्हा मी सोबत होते. तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला घेतलं आणि मग आम्हाला मानसोपचार विभागात पाठवलं. त्या मॅडमनी अम्मीला आणि मला बाहेर बसवलं आणि मुलीशी एकटीशी बोलल्या. अर्ध्या तासाहून जास्त वेळ. मग अम्मीला आत घेऊन विचारलं: झोप किती, भूक कशी, पाळी नियमित आहे का, थंडी जास्त वाजते का, केस गळतात का, घरात कुणाला थायरॉइडचा त्रास आहे का? दोन दिवसांनी रिपोर्ट आला. रक्त कमी आणि थायरॉइडचं काम मंदावलेलं. थायरॉइड मंदावला की माणूस सुस्त होतो, झोप वाढते, मन उदास राहतं, लक्ष लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते आळस वाटतं, नाटक वाटतं.

मुलगी आत आणखी काहीतरी बोलली होती. मी त्या मॅडमना विचारलं, "काय म्हणाली हो ती?" त्या हसून म्हणाल्या, "ते तिचं आहे."

हा लेख मी त्या तीन शब्दांमुळे लिहिते आहे.

मनोरंजन की इलाज?

टीव्हीवर दुसऱ्याच्या मनाचा इलाज करणारे प्रसिद्ध लोक ही आजची गोष्ट नाही. अमेरिकेत ओप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमातून पुढे आलेले फिल मॅकग्रॉ २००२ मध्ये स्वतःचा कार्यक्रम घेऊन आले. 'डॉ. फिल' या नावाने तो २०२३ पर्यंत चालला. मॅकग्रॉ हे मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेले गृहस्थ आहेत, हे खरं. पण टेक्सास राज्यातला व्यवसायाचा परवाना त्यांनी २००६ नंतर चालू ठेवला नाही. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्र मंडळाने तर म्हटलं की त्यांना परवान्याची गरजच नाही, कारण ते करतात ते मनोरंजन आहे, मानसोपचार नव्हे.

आपण घरात बसून ज्याला इलाज समजतो, त्याला कायद्याच्या नजरेत मनोरंजन म्हणतात!

जानेवारी २००८ मध्ये गायिका ब्रिटनी स्पीअर्स रुग्णालयात असताना हेच मॅकग्रॉ तिला भेटायला गेले आणि बाहेर येऊन तिच्या प्रकृतीबद्दल जाहीरपणे बोलले. तिच्या कुटुंबाने विश्वासघात झाल्याची तक्रार केली. त्या विषयावरचा ठरलेला भाग त्यांना रद्द करावा लागला.

ब्रिटनमध्ये 'द जेरेमी काईल शो' २००५ पासून चालला. नवरा-बायको, बाप-लेक यांची भांडणं स्टुडिओत आणायची, खोटं पकडणारं यंत्र लावायचं आणि निकाल प्रेक्षकांसमोर वाचायचा, असा त्याचा साचा. मे २०१९ मध्ये त्या यंत्रात 'नापास' ठरलेल्या एका माणसाचा चित्रीकरणानंतर काही दिवसांतच मृत्यू झाला आणि वाहिनीने कार्यक्रम कायमचा बंद केला. पुढे २०२४ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कार्यक्रम आणि मृत्यू यांच्यात थेट कारणाचा दुवा स्पष्टपणे सिद्ध होत नाही असं म्हटलं. तेही इथे सांगायला हवं. पण त्यापूर्वीच, २०२१ मध्ये, ब्रिटनच्या प्रसारण नियामकाने अशा कार्यक्रमांत भाग घेणाऱ्यांच्या काळजीसाठी नवे नियम लागू केले होते. म्हणजे आधी ती काळजी पुरेशी नव्हती, हे मान्यच झालं.

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे असं नाही, असं कुणी म्हणेल. २०१० साल आठवा. मुंबईहून 'राखी का इन्साफ' नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. एक सिनेअभिनेत्री लोकांच्या घरातल्या भांडणांचा न्याय करत होती. झाशीकडच्या एका तरुण नवऱ्याला त्यात सगळ्यांसमोर त्याच्या मर्दानगीवरून बोल लावले गेले. त्यानंतर काही दिवसांत तो गेला. अपमान सहन न झाल्यामुळे त्याने खाणंपिणं सोडलं, असा आरोप करत घरच्यांनी पोलिसांत तक्रार दिली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने हा कार्यक्रम रात्री ११ नंतरच दाखवावा असा आदेश काढला. वेळ बदलली. पण दुसऱ्याचं घर स्टुडिओत मांडावं का, हा प्रश्न तसाच राहिला.

न बघितलेल्या माणसाचं निदान

जून २०२० मध्ये मुंबईत अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू झाला. टाळेबंदीत आपण सगळे घरात होतो आणि टीव्ही दिवसभर चालू होता. त्या दिवसांत काय काय ऐकलं ते आठवून पाहा. त्याला कोणता आजार होता, कोणती गोळी चालू होती, तो कुणाशी काय बोलला, हे सगळं चौकटी-चौकटीत बसलेले लोक ओरडून सांगत होते. ज्यांनी त्याला कधी बघितलंही नव्हतं असेही त्यात होते. औषधांच्या चिठ्ठ्या पडद्यावर फिरल्या. त्याला समुपदेशन देणाऱ्या व्यक्तीनेही त्याच्या आजाराबद्दल माध्यमांना निवेदन दिलं.

तेव्हा माझ्या शेजारच्या एक खाला नैराश्यावर गोळी घेत होत्या. एके दिवशी त्यांनी ती बंद केली. म्हणाल्या, "उद्या माझंही असंच सगळ्यांना कळलं तर?" आपल्या घरातली किती माणसं तेव्हा गप्प बसली असतील, कुणी मोजलं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी या वार्तांकनाबद्दल निकाल दिला. आत्महत्येच्या प्रकरणात मृत व्यक्तीला कमकुवत मनाची ठरवणं, तिच्या खासगी आयुष्यात घुसणं टाळावं, असं न्यायालयाने माध्यमांना बजावलं. त्याआधीच, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क ठरवला आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

दुरून निदान करण्याची चूक शिकलेले लोकही करतात. १९६४ मध्ये अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. 'फॅक्ट' नावाच्या नियतकालिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारलं, हा माणूस या पदासाठी मनाने योग्य आहे का? २,४१७ जणांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या १,१८९ जणांनी 'नाही' म्हटलं. त्यांनी गोल्डवॉटर यांना तपासलेलं नव्हतं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि खटला जिंकले. १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की स्वतः तपासल्याशिवाय आणि त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय कुणाच्या मनाबद्दल जाहीर मत द्यायचं नाही.

हजाराहून जास्त तज्ज्ञ चुकू शकतात, तर दुपारच्या कार्यक्रमातल्या एका डॉक्टरबाईंचं ऐकून मी आणि त्या अम्मीने एका मुलीला आळशी ठरवलं, यात नवल ते काय!

सल्ल्याच्या तीन अटी

आपल्याकडे हदीसमधून चालत आलेली शिकवण आहे की ज्याच्याकडे मशवरा मागितला जातो त्याच्यावर अमानतीची जबाबदारी येते. मी यावर खूप विचार केला. मनाच्या दुखण्यावर सल्ला देणाऱ्याकडे तीन गोष्टी हव्यात. त्याने आधी ऐकलेलं असावं. ऐकलेलं त्याने स्वतःपाशी ठेवावं. आणि सल्ला चुकला तर उद्या तो भेटला पाहिजे.

टीव्हीवर यातलं काय आहे? ऐकायला तिथे वेळ नसतो. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात जाहिराती वजा केल्या तर वीस-बावीस मिनिटं उरतात आणि तासन् तास चित्रीकरण करून त्यातलं सर्वांत जास्त रडवणारं तेवढं ठेवलं जातं. गुप्तता तर नसतेच, कारण उघडं करणं हाच तिथला धंदा आहे. आणि उद्या? उद्या दुसरा पाहुणा, दुसरं घर. त्या मुलीच्या अम्मीला टीव्हीवरच्या बाईंना फोन करून सांगता आलं असतं का, की बाई, दुर्लक्ष करून दोन महिने झाले, पोरगी आणखी खालावली?

नवरा-बायकोत बिनसलं तर कुरआनने सूरह निसामध्ये मार्ग सांगितला आहे. एक समजूतदार माणूस त्याच्या घरातला घ्या, एक तिच्या घरातला घ्या. घरातला माणूस का? कारण तो दोघांना ओळखतो आणि ते घर टिकावं अशी त्याची इच्छा असते. टीव्हीला ते घर मोडलं काय, टिकलं काय, फरक पडत नाही. भांडण मिटलं तर उलट कार्यक्रम लवकर संपतो. तलाकच्या प्रश्नावर आपल्या बहिणींची दुःखं २०१७-१८ मध्ये रोज रात्री चर्चेला बसवली गेली. त्यातल्या किती बहिणींना दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, की ताई, आज जेवलात का?

आणि मनाचा आजार ही आपल्यासाठी पाश्चिमात्यांची नवी गोष्ट नाही. बल्ख शहराजवळ जन्मलेले अबू जैद अल-बल्खी इसवी सन ९३४ मध्ये वारले. त्यांनी शरीर आणि मन दोघांच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. भीती, राग, उदासी आणि पुन्हा पुन्हा येणारे नकोसे विचार यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. शरीराला जसा आजार होतो तसा मनालाही होतो, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडलं. मग आजच्या आपल्या मोहल्ल्यात "ईमान कमजोर आहे म्हणून उदास आहे" असं का म्हटलं जातं?

आपलीही चूक

सगळा दोष टीव्हीवर टाकून मोकळं होता येणार नाही. ती अम्मी टीव्हीकडे का वळली? कारण तिला विचारायला दुसरं कुणी नव्हतं. सासूला सांगितलं तर म्हणेल नजर लागली. शेजारणीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत कागद कारखान्यापासून स्टेशनपर्यंत बातमी पोचेल आणि उद्या मुलीच्या रिश्त्याला अडचण येईल. आमिलबाबाकडे गेलं तर पैसे जातील. टीव्ही मात्र फुकट, आणि आपण काय बघतो ते कुणाला कळत नाही. आपण एकमेकांची झाकली मूठ ठेवत नाही, म्हणून लोक पडद्याकडे जातात. गीबतला आपण गुनाह मानतो, पण ती सोडत नाही. पडद्यावरची दुसऱ्याच्या घराची चर्चाही गीबतच आहे, फक्त तिला प्रायोजक असतो.

टीव्हीने काहीच चांगलं केलं नाही असंही नाही. मे २०१२ मध्ये 'सत्यमेव जयते' कार्यक्रमात आमिर खान यांनी बालकांच्या लैंगिक शोषणाचा विषय घराघरात नेला. त्यानंतर आमच्या शाळेत पहिल्यांदा त्यावर पालकसभा झाली. २०१५ मध्ये दीपिका पदुकोण यांनी स्वतःच्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगितलं आणि अनेकांना धीर आला. पण फरक बघा. तिथे एका विषयाची माहिती दिली गेली, किंवा एखादीने स्वतःचं दुःख स्वतःच्या मर्जीने सांगितलं. माहिती देणं वेगळं आणि समोर बसवलेल्या माणसाचा निकाल लावणं वेगळं.

कोणाकडे जावं?

आता उपयोगाचं बोलू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर या विषयाचं पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध लिहू शकतात, तपासण्या सांगू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी लागते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आजवर जवळजवळ कुणीही लावू शकत होतं. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात मानसिक आरोग्य समुपदेशकांनाही आणलं आहे. म्हणून समोरच्याला शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. भाजी घेताना आपण वांगं उलटून बघतो, मग इथे का नको?

बल्लारपुरात राहणाऱ्याला चंद्रपूर फार लांब नाही. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. आणि घरातून निघता येत नसेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. फोन नंबर १४४१६, दिवसरात्र, मराठीतही. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, किंवा घरात कुणी तसं बोलत असेल, तर थांबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि लगेच फोन लावा. मुलांसाठी १०९८ आहे.

मोठं नाव नसलेली माणसंही हे काम किती चांगलं करतात, याचे दाखले आपल्या जवळच आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या आणि त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. ते बाळांचं काम. मनाच्या बाबतीत गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेने तेच करून दाखवलं. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिलं, त्यांच्यावर देखरेख ठेवली, आणि त्यांच्या बोलण्याने नैराश्याच्या रुग्णांना खरोखर फायदा होतो हे चाचणीतून सिद्ध झालं.

आरोग्यदूत काय आणि संगाथचे समुपदेशक काय, त्यांना कॅमेऱ्यासमोर बोलायचं नव्हतं. त्यांनी ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले.

आपणही घरी एवढं करू शकतो. पडद्यावर कुणी कुणाच्या घरावर निकाल देऊ लागलं की मुलांसमोर एवढं विचारा: या माणसाने समोरच्याला किती वेळ ऐकलं? याला उद्या कुणी जाब विचारेल का? ही बाई माझी बहीण असती तर मला हे बघवलं असतं का? आणि दुसरं, घरात जेवताना टीव्ही बंद ठेवून एखाद्याला विचारा, "कसा गेला दिवस?" मग उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. हे फार अवघड आहे. मी शिक्षिका आहे, मला माहीत आहे.

ती मुलगी आता दहावीत आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते, महिन्यातून एकदा अम्मीसोबत चंद्रपूरला जाते. अल्हम्दुलिल्लाह, चेहऱ्यावर तेज आलंय. मागच्या आठवड्यात उर्दूच्या तासाला तिचा हात पुन्हा वर गेला. तास संपल्यावर ती माझ्या टेबलाशी घुटमळली. म्हणाली, "आपा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे."

मी वही मिटली, पेन खाली ठेवलं आणि ऐकलं. काय सांगितलं? ते तिचं आहे.